ओंडक्यांची केबिन बांधताय? कोपऱ्यातल्या या चुका टाळा

गगनबावड्यासारख्या पावसात ओंडक्यांची केबिन कुजायला लागते ती बहुतेक वेळा कोपऱ्यातून. कारण ओंडके एकमेकांवर बसवायची खाच उलटी पाडलेली असते. खालच्या ओंडक्याच्या पाठीवर खाच घेतली की काम सोपं जातं, पण तिच्यात पाणी साठतं आणि जून ते सप्टेंबर ते सुकत नाही. खाच वरच्या ओंडक्याच्या पोटालाच घ्या. मग तो खालच्या गोल पाठीवर खोगिरासारखा बसतो आणि पाणी दोन्ही अंगांनी ओघळून जातं.

आखणीत घाई नको. ओंडका जागेवर पक्का अडकवा, कंपासचं एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवत दुसऱ्यानं वर रेघ ओढा. कंपास जरा तिरका झाला तरी फट राहणारच, म्हणून त्याला छोटी लेव्हल बांधून घ्या. करवत रेघेच्या अलीकडेच थांबवा आणि शेवटचं सूतभर लाकूड पटाशीनं काढा. खाचेचं पोट किंचित खोल ठेवा, म्हणजे कडा घट्ट बसतात. ओंडक्यांची टोकं कोपऱ्याबाहेर फूटभर सोडा, अगदी खाचेला लागून कापली तर तिथून चिरतात. मात्र ती वळचणीच्या आत राहिली पाहिजेत. उघडं टोकच सगळ्यात जास्त पाणी पितं.

सहा महिन्यांनी दार अडकायला लागलं, तर लगेच रंधा मारू नका. लाकूड लांबीला जवळपास आटत नाही, जाडीला आटतं, त्यामुळे भिंत खाली बसते. ओल्या ओंडक्यांत फुटामागे अर्धा ते पाऊण इंच धरतात. म्हणजे सात फुटी चौकटीवर साडेतीन ते सव्वापाच इंच मोकळे हवेत. आपल्याकडे विटांच्या भिंतीच्या सवयीनं चौकट थेट भिंतीला खिळतात, मग वरचे ओंडके चौकटीवरच टेकतात आणि बाजूला उजेड दिसायला लागतो. चौकट ओंडक्यांतल्या उभ्या खोबणीत सरकती बसवा, वरची फट फळीनं झाका.

ओंडक्यांमधल्या फटी सिमेंटनं बुजवू नका. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. सुटलेल्या कडेतून पाणी आत जाऊन अडकतं.

जोतं जांभ्याचं आणि निदान दीड फूट उंच हवं, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उडून खालचा ओंडका सतत ओला राहतो. साल पूर्ण काढा. सालीखालीच किडा लागतो.

नीलगिरी स्वस्त पडते, पण वाळताना पिळते आणि टोकाला फाटते. घ्यायचीच असेल तर साल काढून, टोकांना रंग लावून सावलीत वाळवलेली घ्या.

स्वतःच्या शेतातला साग, ऐन, किंजळ किंवा फणस तोडायचा असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय सुताराला ॲडव्हान्स देऊ नका.