प्रोटेक्शन प्लॅनखाली बिघडलेला मोबाइल बदलून कसा घ्यावा

मोबाइलसोबत घेतलेल्या प्रोटेक्शन प्लॅनचा दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार, हे पुष्कळदा सर्व्हिस सेंटरमध्ये फोन जमा करताना तयार होणाऱ्या जॉब शीटवर ठरते. बिघाड तिथे कोणत्या शब्दांत नोंदला गेला, फोनच्या बाह्य स्थितीबद्दल काय लिहिले गेले आणि त्याखाली आपण सही केली की नाही, याच गोष्टी पुढे पुरावा म्हणून पाहिल्या जातात. म्हणून या लेखात जॉब शीटसाठी स्वतंत्र भाग दिला आहे.

आपल्याकडे नेमके काय आहे, हे आधी पाहावे

दुकानात ‘प्लॅन’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. निर्मात्याची मूळ हमी उत्पादनातील दोषांपुरती असते. वाढीव हमी तेच संरक्षण आणखी काही काळ पुढे नेते, पण फोन पडला किंवा भिजला तर ती सहसा लागू होत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण ही तिसरी गोष्ट. ते कधी सेवा करार असते, तर कधी खराखुरा विमा. विमा असेल तर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक असलेले प्रमाणपत्र मिळायला हवे. ते मिळाले नसेल तर ईमेल करून मागून घ्यावे, कारण तक्रार कुठे करायची हे त्यावरूनच ठरते.

त्यानंतर अटींमध्ये ‘बदली’विषयी काय लिहिले आहे ते शोधावे. बहुतेक प्लॅन पहिला हक्क दुरुस्तीचा देतात. दुरुस्ती शक्य नसेल किंवा तिचा खर्च ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तेव्हाच फोन बदलून मिळतो. बदली फोन नवा असेल की नूतनीकरण केलेला, फोनऐवजी खरेदीचे कूपन मिळेल का, रकमेतून फोनच्या वयानुसार घसारा वजा होईल का आणि प्रत्येक दाव्यामागे किती शुल्क भरावे लागेल, या चार प्रश्नांची उत्तरे आपल्याला फोन जमा करण्यापूर्वी माहीत असावीत.

घरी करायची तयारी

फोन चालू असेल तर *#०६# डायल करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनची स्वतंत्र ओळख असलेला क्रमांक, बिलावरील आणि प्लॅनच्या कागदावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. एखादा अंक चुकला असेल तर तो दुकानदाराकडून आधीच लेखी दुरुस्त करून घ्यावा. बिघाड सतत दिसत नसेल, म्हणजे फोन मधूनच बंद पडत असेल किंवा स्पर्शाला अधूनमधून प्रतिसाद देत नसेल, तर दुसऱ्या मोबाइलने त्याचे चित्रीकरण करावे. काउंटरवर फोन नीट चालला की ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळतो, आणि असा शेरा खोडून काढणे अवघड जाते.

दाव्याची नोंद कंपनीच्या अधिकृत ॲपवरून किंवा प्लॅनच्या कागदावरील क्रमांकावरूनच करावी. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांमागे अनेकदा ठग असतात. कोणी ओटीपी मागितला किंवा आपली स्क्रीन समोरच्याला दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवावे.

बदली झाली तर जुना फोन परत मिळत नाही, हे लक्षात घेऊन सगळ्या माहितीची प्रत काढावी. छायाचित्रे आणि संपर्क सर्वांना आठवतात, पण व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ॲप मागे राहते. सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. बदलीच्या वेळी आयफोनवरील ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद असावे लागते आणि अँड्रॉइडवरून गूगल खाते काढावे लागते. केवळ दुरुस्तीसाठी फोन देताना पासवर्ड सांगू नये. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे, त्यात तंत्रज्ञाला आपली खासगी माहिती दिसत नाही.

जॉब शीट

सही करण्यापूर्वी ती शेवटपर्यंत वाचावी, मागे रांग असली तरीही. ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढी नोंद पुरेशी नाही. ‘स्क्रीनच्या खालच्या भागात स्पर्श ओळखला जात नाही, बाहेरून तडा नाही’ असे लिहून घ्यावे. फोनवर ओरखडे असतील तर तेवढेच नोंदवले जावेत. ‘फिजिकल डॅमेज’ असा मोघम शेरा मान्य करू नये, कारण निव्वळ हमी असलेल्या प्लॅनमध्ये तेवढ्या दोन शब्दांवर दावा नाकारला जाऊ शकतो. फोन देण्यापूर्वी काउंटरवरच त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि शीटवर आयएमईआय, तारीख व शिक्का आहे ना, हे पाहावे.

फोन भिजल्याचे कारण सांगितले गेले तर द्रवस्पर्श दाखवणारी पट्टी पाहायला मागावी. अनेक फोनमध्ये ती सिमच्या खाचेत असते आणि ओलावा लागल्यावर लाल होते. तिचेही छायाचित्र घ्यावे. मात्र फोन खरोखर पडला असेल तर तसेच सांगावे. अपघात हा दोष म्हणून मांडला आणि तपासणीत ते उघड झाले, तर अपघाती संरक्षणाखाली जे मिळाले असते तेही हातचे जाते.

नकार किंवा टोलवाटोलवी झाल्यास

तोंडी नकार स्वीकारू नये. कोणत्या अटीनुसार दावा नाकारला, हे ईमेलवर मागावे. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येते. प्लॅन विम्याचा असेल आणि विमा कंपनीने लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा ती फेटाळली, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत.

यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क लागत नाही. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

बदली फोन हातात आल्यावर

खोके काउंटरवरच उघडावे. खोक्यावरचा, फोनमधला आणि बदलीच्या पत्रावरचा आयएमईआय एकच आहे का, ते जुळवून पाहावे. जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि बदलीची तारीख असलेले पत्र मूळ बिलाला जोडून ठेवावे, अन्यथा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी बिलावरचा आणि फोनमधला क्रमांक वेगळा दिसेल. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग आणि दोन्ही सिम तिथेच तपासावीत. यूपीआय ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावे लागते आणि त्यासाठी बँकेशी जोडलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते. प्लॅनची उरलेली मुदत नव्या आयएमईआयवर चालू राहते की बदलीबरोबर प्लॅन संपतो, हे त्याच भेटीत लेखी विचारून घ्यावे.