जुन्या पिकअपचा हायड्रॉलिक क्लच: बदलायचा कसा आणि त्यातली एअर काढायची कशी

गाडी स्टँडवर आहे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीय, पाने हाताशी आहेत आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून ठेवलंय, हे सगळं मी धरून चालतोय. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरत नाही, हेही.

सगळ्यात आधी क्लच खरंच बदलायचाय का ते नक्की करा. चढावर इंजिन रेस होतंय पण गाडी ओढत नाही, जळका वास येतोय, तर बहुतेक क्लच प्लेट संपलीय. पण रिव्हर्स टाकताना करकर होते, पहिला गिअर पडत नाही आणि पेडल दोन-तीनदा दाबल्यावर मात्र पडतो, असं असेल तर प्लेटला हात लावू नका, हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या भागात, एअर (हवा) तरी आहे नाहीतर कुठल्यातरी सिलिंडरचं सील गेलंय. हे न बघता गिअरबॉक्स उतरवलेले लोक मी पाहिलेत, एवढं सगळं काम करून नवी प्लेट टाकली आणि गिअर तरीही पडेना. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर, त्याचं रबरी बूट बोटाने सरकवून बघा, आत ओलं लागलं तर स्लेव्ह गेला. मास्टर, म्हणजे पेडलकडचा, तेल पुढे ढकलणारा सिलिंडर, त्यासाठी केबिनमध्ये पेडलच्या वर, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) पुशरॉड येतो तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा.

गिअरबॉक्स उतरवण्यात सांगण्यासारखं फारसं नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून तो काढा, फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस, मग वायरी, स्टार्टर, क्रॉस मेंबर, बेल हाउसिंगचे (क्लच झाकणाऱ्या कवचाचे) बोल्ट. स्लेव्ह बाहेरून लावलेला असेल तर तो पाइपसकट सोडवून बाजूला बांधा, आणि तो लोंबकळत असताना पेडलला कोणाचाही पाय लागू देऊ नका, पिस्टन बाहेर उडतो. काढताना आणि चढवताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर (प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर) एक क्षणही राहू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो आणि मग नवी प्लेटसुद्धा नीट सुटत नाही.

बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवा मारून उडवायची नाही. जुन्या गाड्यांच्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आत कधीची प्लेट बसवलीय हे बघून कळत नाही. ब्रेक क्लीनरने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा.

फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागच्या जड चाकावर, ज्याला प्लेट टेकते) निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर ते मशिनिंगला द्या किंवा बदला. क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग आत्ताच बदला, नंतर एवढ्याशा सीलसाठी परत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू खुणेप्रमाणे लावा, प्लेट मधोमध धरणारं अलाइनमेंट टूल घाला, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आणा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबणारं रिलीज बेअरिंग नवंच. स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसणारा असेल तर तोही नवाच, जुना कितीही चांगला दिसू दे.

मास्टर आणि स्लेव्ह जोडीनेच बदला असं माझं ठाम मत आहे. दोन्हीतले रबर एकाच वयाचे असतात, एक नवा बसवून प्रेशर नीट यायला लागलं की दुसरा थोड्याच दिवसांत गळायला लागतो. रबरी होजही त्याच वयाचा, पेडल दाबलं की तो फुगतो, आणि फुगण्यात जेवढं तेल गेलं तेवढा स्लेव्ह कमी सरकतो. पाइपचे नट साध्या पान्याने सोडवायला जाऊ नका, कोपरे गोल होतात, फ्लेअर नटचा पाना वापरा. नव्या स्लेव्हच्या रॉडला प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती कापायच्या आधी त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच स्लेव्हवर ती पहिल्यांदा पेडल दाबलं की आपोआप तुटायची असते.

तेल रिझर्व्हॉयरच्या (मास्टरच्या तेलाच्या टाकीच्या) झाकणावर लिहिलेलं, म्हणजे साधारण डॉट ३ किंवा डॉट ४, आणि डबा नवा, सील फोडलेला नाही असा. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावरची मर्यादा १४० ची आहे. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा थेंबही नको, सगळे रबर फुगून जातात. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

आता एअर काढायची. माझे पहिल्या वेळी पूर्ण दोन दिवस यातच गेले. सगळं नवं होतं, कुठेही गळती नव्हती, आणि पेडल जमिनीला टेकायचं. जो तो सांगायचा, पंप करत राहा, ब्रेकसारखंच आहे, येईल हळूहळू. मी डबेच्या डबे तेल घातलं, पेडलवरच्या माणसाचे पाय दुखायला लागले, तरी रिव्हर्स करकरतच होता. हा सल्ला अजूनही सगळे देतात आणि अजूनही तो चुकीचाच आहे.

का चुकीचा, ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. क्लचच्या मास्टरमधून एका दाबात अगदी थोडं तेल पुढे जातं, पाइप मात्र लांब आणि बराचसा उभा. बुडबुडा दाबासरशी जरा खाली सरकतो आणि पेडल सोडलं की परत वर चढतो. हवा वर जाणारच, आणि आपण ती वरून खाली ढकलत बसलेलो असतो. घाईघाईने पंप केलं तर मोठ्या बुडबुड्याचं बारीक फेसात रूपांतर होतं आणि मग तो फेस बसायची वाट बघत बसा. त्यात काही पिकअपमध्ये मास्टर असा तिरका बसतो की त्याचं पुढचं, पाइपकडचं टोक वर आणि रिझर्व्हॉयरचं भोक त्याच्यापेक्षा खाली. हवा त्या टोकाशी जाऊन बसते, तिला रिझर्व्हॉयरकडे यायला वाटच नसते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून मास्टर फायरवॉलवर चढवायच्या आधीच भरा. व्हाइसमध्ये आडवा, पाइपकडचं टोक किंचित खाली असा धरा, तेल घाला आणि बोथट रॉडने पिस्टन हळू आत-बाहेर करा, पूर्ण नाही, थोडाथोडाच. पाइपच्या भोकावर बोट ठेवा, पिस्टन बाहेर येताना दाबून धरायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं, नंतर बसवायचा. आधीच बसवून मोकळे झाला असाल तर त्याचे दोन नट सोडून पाइप न वाकवता जेवढं टोक खाली करता येईल तेवढं करा, नाहीतर गाडीचा मागचा भाग नीट स्टँडवर उचला, म्हणजे मास्टर सपाटीला येतो.

मग खालून वर. स्लेव्ह बाहेरचा असेल तर मी तो बसवायच्या आधी हातात घेतो. रिझर्व्हॉयरमधलं तेल अर्ध्यावर आणा, झाकण काढा, भोवती फडकं गुंडाळा. स्लेव्ह पाइपच्या तोंडापेक्षा खाली, पाइपचं तोंड वरच्या अंगाला येईल असा धरा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) बंद, आणि स्लेव्हचा रॉड अंगठ्याने अगदी सावकाश आत दाबा. तेल उलटं वर जातं आणि रिझर्व्हॉयरमध्ये आधी एक मोठा बुडबुडा फुटतो, मग मोहरीएवढे बारीक बारीक यायला लागतात. रॉड सावकाश परत येऊ द्या, स्लेव्हवर टिचकी मारा, परत दाबा. घाई करायची नाही. मला साधारण पंधरा-वीस वेळा करावं लागतं, आणि शेवटी रॉड असा घट्ट लागतो की दाबताना अंगठा दुखतो, तेव्हा समजायचं आतली हवा संपली. यात दुसरा माणूस लागत नाही, पेडलला हात लावायचा नाही. स्लेव्ह आतला असेल तर हेच काम मोठ्या सिरिंजने, ब्लीड स्क्रूला घट्ट नळी लावून, खालून तेल भरत करायचं. सिरिंजमधली आणि नळीतली हवा आधी काढा, नाहीतर तीच आत जाईल.

बाहेरच्या स्लेव्हवर ब्लीड स्क्रू नेहमी वरच्या अंगाला. डावा-उजवा सारखा दिसणारा स्लेव्ह उलटा बसवला की स्क्रू खाली जातो आणि मग कितीही तेल घाला, वरची हवा तिथेच.

पेडलच्या पुशरॉडला थोडी ढील हवीच, किती ते मॅन्युअलमध्ये आहे. पेडल कडक व्हावं म्हणून ती ढील काढून टाकणारे बरेच आहेत. तसं केलं की मास्टरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तेल तापून पसरतं, त्याला जायला जागा नसते, आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. नवी प्लेट अशी स्लिप होऊन जळते.

पेडल पायाला कसं लागतं यावर जाऊ नका, मोजा. कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा, स्लेव्हचा रॉड किती सरकला ते पट्टीने बघा आणि मॅन्युअलशी ताडून घ्या. मग बॅटरी जोडा, गाडी खाली घ्या, हँडब्रेक लावा, समोर आणि मागे कोणी नाही हे बघून इंजिन सुरू करा, पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडायला हवा. तसंच पेडल दाबून मिनिटभर धरा, गाडी सरकायला बघत असेल तर मास्टर आतल्या आत सोडतोय, नवा असला तरी बदला.

रिझर्व्हॉयर काठोकाठ भरू नका. प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि वरची पातळी वाढत जाते. कमी होताना दिसली तर तेल घालून गप्प बसू नका, कुठेतरी गळतंय, पहिल्यांदा स्लेव्हचं बूट सरकवून बघा.