वॉरंटी संपत आली म्हणून गेम कन्सोल बदलताय? आधी या चुका टाळा

मार्च महिना होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आणि एक काका खताच्या पिशवीत गुंडाळलेला गेम कन्सोल घेऊन आले. मागे त्यांचं पोरगं. "भाऊ, याची वारंटी दीड महिन्यात संपून राह्यली म्हन्ते. आताच बदलून घेऊ, नाहीतर मंग अंगावर पडन, असं याचं म्हननं आहे. तुम्हीच सांगा आता."

बिघाड काय, विचारलं. पोरगं म्हणालं, "लय आवाज करते. अन् कधी कधी खेळता खेळता बंदच पडते."

मागच्या जाळीत टॉर्च मारला. आत गादीसारखा पांढरा थर बसलेला. कापूस! भाव वाढेल म्हणून काकांनी दिवाळीपासून वेचणी घरातच साठवली होती, आणि टीव्ही त्याच खोलीत.

माझं काम मोबाईल दुरुस्तीचं, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात. पण अलीकडे कन्सोलही येतात, आणि निम्म्याहून जास्त वेळा प्रश्न हाच असतो : बदलू का? सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस५, डिस्कवाला २०२४ मध्ये ५४,९९० रुपयांना होता. त्या हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये धरला तर हे झाले सव्वासात क्विंटल. एवढ्या कापसाचा निर्णय नुसती तारीख पाहून घेऊ नये.

तारीख जवळ आली म्हणजे वस्तू म्हातारी झाली, हा समज

वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते, वयाची नसते. चांगला चालणारा कन्सोल 'संपायच्या आत बदलून द्या' म्हणून कोणी बदलून देत नाही. दोष निघाला तरी सहसा आधी दुरुस्ती होते. ती जमली नाही तर दुसरा कन्सोल मिळतो, आणि तो कोरा करकरीतच असेल असं नाही. दुरुस्त केलेलाही हाती येऊ शकतो. वॉरंटी बहुतेक वेळा जुन्या तारखेचीच पुढे चालते.

दुसरी वाट म्हणजे वॉरंटीत असतानाच विकून नवा घ्यायचा. उरलेल्या महिना-दोन महिन्यांमुळे चार पैसे जास्त येतात, खोटं नाही. पण नव्यासाठी जी भर घालावी लागते तिच्यापुढे ते काहीच नाहीत. वॉरंटी संपल्यावर होणारे बरेच बिघाडही झेपण्यासारखे असतात : पंखा, एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची केबल लागते ती जागा), डिस्क वाचणारी लेन्स. मदरबोर्ड गेला तर मात्र खरा फटका. माझं मत विचाराल तर धड चालणारा कन्सोल भीतीपोटी विकू नका.

लाईनचा दोष कन्सोलच्या माथी मारणं

ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा थांबून सांगतो.

शेतीपंपाची थ्री फेज लाईन सुरू झाली की गावाच्या टोकाकडच्या घरांत बल्ब पिवळा पडतो. माझ्याच घरी मल्टिमीटर १७५ दाखवतो. यायला पाहिजे २३०. कन्सोलचा पॉवर सप्लाय व्होल्टेज घसरलं की तेवढीच ताकद मिळवायला जास्त करंट ओढतो, आणि म्हणून जास्त तापतो. मग एखादा पंप सुरू होतो, क्षणभर झटका बसतो आणि कन्सोल बंद. पोरगं म्हणतं, मशीन खराब. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज जळून लाईट गेली आणि परत येताना उसळून आली, तर सप्लाय जळतोही. वीज पडून किंवा जास्त व्होल्टेजने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला जळलेला भाग पाहताच ते कळतं.

म्हणून दावा करण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. कन्सोल दोन दिवस जिल्ह्याच्या गावी, जिथे लाईन धड आहे अशा पाहुण्याकडे न्या. तोच गेम, तेवढेच तास चालवा. तिथेही बंद पडला तर दोष कन्सोलचा, बिनधास्त तक्रार करा. तिथे सुरळीत चालला तर दोष घरच्या लाईनचा किंवा खोलीचा. मग नव्या मशीनपेक्षा चांगल्या स्टॅबिलायझरला पैसे लावा, नाहीतर नवं मशीनही तीच रड घेऊन येईल.

कन्सोलच्या पत्र्याला किंवा केबलच्या टोकाला हात लावला की झिणझिण्या येतात, हीही नेहमीची तक्रार. दोन पिनांच्या सप्लायमधून अगदी थोडी गळती होते आणि अर्थिंग नसलेल्या घरात ती हाताला जाणवते. त्यासाठी कन्सोल बदलून फरक पडत नाही, अर्थिंग करून घ्यावी. जोरात शॉक बसत असेल तर मात्र आधी प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. आणि मृगाच्या तोंडावर आभाळ गडगडायला लागलं की प्लगसोबत टीव्हीची डिश केबलही काढा. वीज त्या वाटेनेही एचडीएमआयपर्यंत येते.

ऊन, कूलर आणि पंक्चरवाल्याची हवा

पीएस५ ला ५ ते ३५ अंश तापमानात चालवा, असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नेहमीचंच, आणि टिनाच्या खोलीचं तर बोलायलाच नको. दुपारी दोनला पंखा किंचाळला तर तो बिघाड नाही, मशीन जीव वाचवतंय. तोच आवाज पहाटेही येत असेल, तर शंका घ्या.

काहीजण उपाय म्हणून कन्सोल थेट कूलरच्या झोतात ठेवतात. कूलरची हवा ओली असते. त्या ओलाव्यात धूळ चिकटते आणि पिना गंजतात. आत एकदा पाणी लागल्याच्या खुणा दिसल्या की दावा गेलाच समजा. कूलर खोलीत असू द्या, पण तोंड दुसरीकडे.

आणि कृपा करून पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारू नका. त्या कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, आणि एवढ्या जोराने पंखा भलताच गरगरून बेअरिंग जातं. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरे. पीएस५ चं बाहेरचं पांढरं झाकण ग्राहकाला काढता यावं असंच बनवलंय. त्याखाली धूळ जमायला मुद्दाम दिलेली दोन भोकं आहेत, तिथे व्हॅक्यूम लावा. त्याच्या पुढे स्क्रू खोलू नका. आत चिपवर तिची उष्णता ओढून घेणारा पातळ धातू, लिक्विड मेटल, आहे आणि ते सांडलं तर बोर्डच जातो.

'चालतंय तोवर चालू दे'

ही उलटी चूक, आणि मी स्वतः केलेली. माझ्या कन्सोलचा एक यूएसबी पोर्ट ढिला होता. दुसरा आहे ना, म्हणून सोडून दिलं. वॉरंटी संपली आणि तिसऱ्या आठवड्यात दुसराही गेला.

शेवटच्या दोन महिन्यांत एक रविवार काढा. जड गेम सलग तीन तास चालवा. असतील तेवढ्या डिस्क घालून पाहा, प्रत्येक यूएसबी पोर्ट पाहा, वायफाय पाहा. चित्र जात असेल तर आधी एचडीएमआय केबल बदला, मग टीव्ही बदलून पाहा. गेम सारखा बाहेर फेकत असेल तर सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता उघडणारा साधा मेनू, वापरा : पीएस४ किंवा पीएस५ पूर्ण बंद करून पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरायचं आणि मेनूत डेटाबेस रिबिल्ड करायचा, म्हणजे आतल्या फायलींची यादी नव्याने लावून घ्यायची. एवढ्यावर सुटणारे दुखणे बरेच असतात. नाही सुटलं तर एररचा नंबर आणि मागचा सिरीयल नंबर एकाच व्हिडिओत घ्या.

कंट्रोलरची काडी आपोआप सरकते म्हणून कन्सोल बदलायचा विचार करणारेही भेटतात. तो काडीखालच्या झिजणाऱ्या भागाचा दोष. कंट्रोलर वेगळा दाखवा.

कागदांची हयगय

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. दिवाळीत घेऊन गुढीपाडव्याला खोललं, तरी पाच महिने गेलेच. थर्मल कागदाचं बिल कपाटात वर्षभरात कोरं होतं, आजच फोटो काढा. बिल पक्कं, जीएसटीचं आणि त्यावर सिरीयल नंबर असलेलं हवं. परदेशातून आणलेल्या मालावर दुकानदार 'आपली वॉरंटी' देतो. ती चिठ्ठी त्याच्या दुकानापुरतीच. आणि मूळ खोकं सांभाळा, कुरिअरला त्याच्यासारखं दुसरं नाही.

तक्रार मुदतीत नोंदवा आणि नोंदीचा नंबर लेखी घ्या. फोनवर 'पाहतो' म्हणाले, याला नोंद म्हणत नाहीत. पाठवण्याआधी सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलात त्याची नोंद, काढून ठेवा, दुरुस्तीत डेटा पुसला जाऊ शकतो. पीएस५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राईव्हवर जात नाहीत. पीएस प्लस ही सोनीची पैसे भरून घ्यायची सेवा घेऊन क्लाउडवरच, म्हणजे इंटरनेटवरच, ठेवावे लागतात.

मुदत उलटली असली तरी कंपनीच्या सपोर्ट पानावर एकदा नजर टाका. एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्यांच्या दोषासाठी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची केली होती आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च सोसला होता. असं रोज होत नाही, पण होतं.

खरा दोष असून दावा नाकारला तर कारण लेखी मागा. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

काकांच्या कन्सोलमधला कापूस बाहेरूनच ओढून काढला. मग पोरगं तो यवतमाळला मामाकडे घेऊन गेलं. तिथे तीन तासांत एकदाही बंद पडला नाही, आवाजही नाही. पण दोनपैकी एक डिस्क तो वाचतच नव्हता, आणि तीच डिस्क मामाच्या पोराच्या कन्सोलवर मस्त चालली. घरी हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच रात्री तक्रार नोंदवली, मुदतीला नऊ दिवस बाकी होते. पाठवायला खोकं शोधलं, तर त्यात आजीने कुरड्या भरून ठेवलेल्या. त्या आधी डब्यात काढल्या, मग कन्सोल नागपूरला गेला.