ताप नाही, म्हणून काही नाही असं नसतं

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी सासूबाईंनी सकाळचे पोहे नुसते चिवडले, बाजूला सारले आणि मला नणंदेच्या नावानं हाक मारली. वय ७६, शुगर जुनी. थर्मामीटरवर ९८.८. ऊन लागलं असेल, असं म्हणून आम्ही पन्हं पाजलं (शुगरच्या माणसाला गुळाचं पन्हं!) आणि कुलरसमोर निजवलं. दुपारी मोरीपाशी तोल गेला, तेव्हा कुठं शेजारून ऑक्सिमीटर आणला. ८९. खोकला तोवर एकदाही नव्हता.

आई वाचल्या. पण तेव्हापासून साथीची कुणकुण लागली की मी आधी वही काढते.

वहीत माणूस धडधाकट असतानाचे आकडे लिहायचे. तीन-चार दिवस, एकाच वेळी: ताप, ऑक्सिजन, बीपी, शुगर. म्हातारपणी अंग मुळातच थोडं थंड असतं, प्रतिकारशक्तीही मंदावते, म्हणून ताप उशिरा चढतो, कधी चढतच नाही. आईंचा एरवीचा आकडा ९७. म्हणजे ९८.८ हा ताप नसला तरी बिनघोर राहण्याचा आकडाही नव्हता. ९९ वारंवार दिसलं किंवा नेहमीपेक्षा दोन अंश वाढलं, तर ताप धरायचा.

आकड्यांखाली सवयी लिहा. पोळ्या किती, रात्री किती वेळा उठतात, कोणती सिरियल चुकवत नाहीत. एकाएकी भूक गेली, बोलण्यात घोळ झाला, पडल्या, दिवसभर पेंगल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ‘वय झालं आता’ हे कारण त्या दिवशी चालत नाही.

ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं बसवा, बोट गार असेल तर चोळा, नेलपॉलिश पुसा, आकडा स्थिरावू द्या. ९४ च्या खाली गेला की वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. बसून ठीक दिसला तर घरातच तीन मिनिटं चालवून पुन्हा बघा. तीन अंकांनी घसरला तरी तेच. फुप्फुसाचं जुनं दुखणं असेल त्यांचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा, मनानं बंद करू नका. आणि काढा! आमच्याकडे दिवसातून तीनदा ज्येष्ठमधाचा उकळायचा. ज्येष्ठमधानं बीपी वाढतं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

कुलर खिडकीत बाहेरच्या बाजूला असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा खेळते. खोलीच्या आत ठेवलेला कुलर मात्र तीच हवा फिरवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा म्हाताऱ्यांना तहान कळत नाही. पाणी हातात द्या, किडनी किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं.

वेगळ्या खोलीत ठेवलंत तर जेवताना दाराबाहेर मास्क लावून बसा. एकट्या आई अर्धीच पोळी खायच्या, चालणंही थांबलं होतं.

वहीच्या पुठ्ठ्यावर गोळ्यांची नावं आणि मात्रा, लशींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर. त्या पानाचा फोटो नणंदेच्या मोबाइलमध्येही ठेवलाय. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात गोळीचं नाव विचारलं, तर ह्यांना एवढंच आठवलं: ‘पांढरी, छोटी.’