बादलीत बुडवलेला हात धुतलेला नसतो

रानातून आल्यावर दाराशी ठेवलेल्या बादलीत दोन्ही हात बुडवायचे, जरा चोळायचे आणि खांद्यावरच्या टॉवेलला पुसत आत जायचं, ही सांगली जिल्ह्यातल्या पुष्कळ वस्त्यांवरची रीत आहे. यात हात फक्त ओले होतात. पहिल्याच्या हातावरचं शेण, फवारणीचं औषध आणि जंतू त्याच पाण्यातून दुसऱ्याच्या वाट्याला येतात. म्हणून साबणाच्याही आधी पाण्याची सोय बघा: पाणी हातावर वरून पडलं पाहिजे आणि वाहून गेलं पाहिजे. नळ नसेल तर खाली तोटी बसवलेला पिंप किंवा कॅन ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तांब्याने ओतायला सांगा. एकट्याने मगाने धुणार असाल, तर मगाची दांडीही साबणाने धुवा. मळक्या हाताने तीच धरलेली असते.

पाणी थंड की गरम, याने फरक पडत नाही. हात भिजवा, तोटी बंद करा आणि साबण लावा. साबणाच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला. मळ सुटतो तो या ओढाताणीत, आणि त्याला वेळ आणि चोळणं दोन्ही लागतं. निदान 20 सेकंद चोळा. पाणी ओतण्यापासून कोरडं करण्यापर्यंत 40 ते 60 सेकंद धरा.

आधी तळवे एकमेकांवर चोळा. मग एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या मळहातावर ठेवून बोटांच्या बेचक्या घासा, आणि हात बदला. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवा. पाचही बोटांची टोकं तळव्यावर खरवडल्यासारखी फिरवा, म्हणजे नखांखाली फेस जातो. शेवटी मनगट. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात चांगला निघतो, उजव्याचा मळहात आणि अंगठा राहून जातो. तिथे मुद्दाम थांबा. अंगठी सरकवून तिच्याखाली घासा, बांगड्या वर करा. मनगटाला बांधलेला दोरा दिवसभर ओला राहतो आणि मळ धरतो, तोही साबणाने चोळा. भाकरीचं पीठ मळणाऱ्यांनी नखं बारीक ठेवावीत. नखांखालचं सगळं थेट परातीत जातं.

धुतलेला हात लुगड्याच्या पदराला किंवा घरभर फिरणाऱ्या टॉवेलला पुसला, तर केलेलं काम वाया गेलं. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा जास्त पसरतात, तेव्हा कोरडं करणं टाळूही नका. हातासाठी वेगळा पंचा ठेवा, रोज धुवा आणि उन्हात वाळवा. पंचा नसेल तर हात झटकून वाऱ्यावर वाळवा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी बांधलं जाऊन पांढरा चिकट साका होतो, म्हणून फेस येत नाही आणि हात धुतल्यावरही बुळबुळीत लागतो. अशा पाण्यात वडी जास्त वेळ फिरवावी लागते. लिक्विड हँडवॉश तिथे बरा फेस देतो. जंतुनाशक लिहिलेला महागडा साबण मात्र घरासाठी गरजेचा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली ट्रायक्लोसानसारखी 19 द्रव्यं ग्राहकांच्या अशा साबणांतून काढायला लावली, कारण ती साध्या साबणापेक्षा सरस आणि रोज वापरायला निर्धोक असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. साधी वडी घ्या आणि ती भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवा, नाहीतर विरघळून जाते.

हळदीचं काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. पिवळा हात साबणाने धुतला की लालसर होतो, आणि घाबरून माणूस दगडाने घासत बसतो. हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने लाल होतो, एवढंच. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेव्हा आधी खोबरेल किंवा गोडं तेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण. उरलेला पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे. तो उन्हाने जातो. घासून कातडी सोलली, तर त्या चिरांतून जंतूंना वाट मिळते.

तासगाव, पलूस, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीवर फवारणी असते. हातमोजे काढायच्या आधी ते हातात असतानाच साबणाने धुवा, नाहीतर काढताना त्यांच्यावरचं औषध बोटांना लागतं. मोजे रबराचे हवेत, कापडी मोजे औषध शोषून कातडीलाच धरून ठेवतात. मग हात धुवा, आणि त्यानंतरच पाणी, जेवण, लघवी. सगळ्यात धोक्याचं म्हणजे बांधावर बसून मळलेली तंबाखू: तळव्यावरचं औषध चुन्यात मिसळून सरळ ओठाखाली जातं. तंबाखू सोडाच, पण सुटेपर्यंत निदान आधी हात धुवा.

सॅनिटायझर इथे उपयोगाचा नाही. तो कोरड्या, न मळलेल्या हातासाठी असतो, निदान 60 टक्के अल्कोहोलचा. शेण, तेल आणि फवारणीचं औषध त्याने निघत नाही. साबण नसेल तेव्हा चुलीची गार, चाळलेली राख चालते, फक्त त्या चुलीत प्लास्टिक जाळलेलं नसावं. मातीने हात घासू नका. मातीत जंतांची अंडी असतात.

पाणी विकत घ्यावं लागतं तिथे, किंवा ऊसतोडीच्या कोप्यांजवळ, पायाने चालणारा नळ करा. पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिक कॅन चांगला धुऊन घ्या. झाकणापासून साधारण अर्धी वीत खाली, पुढच्या बाजूला, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडा आणि पाणी त्या भोकापर्यंतच भरा. वर बेळकं असलेल्या दोन मेढी हातभर खोल रोवा, त्यांवर आडवी काठी टाकून कॅनच्या कडीतून ती ओवा. झाकणाला भोक पाडून दोरी बांधा, तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला. काठी पायाने दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. धुतलेला हात कशालाच लागत नाही. साबण दोरीत ओवून शेजारी टांगा, खाली खडी टाका. चिखल झाला तर पोरं तिकडे फिरकत नाहीत. हा नळ संडासाजवळ आणि चुलीजवळ, अशा दोन्ही ठिकाणी हवा, कारण शौचानंतर आणि पोराची शी धुतल्यावर लांब जायला लागलं की हात धुवायचे राहतात.