स्पीडबोटीचं मॉडेल ओढून बघताय? या चुका टाळा

गेटवेहून मांडव्याला स्पीडबोटीने गेला असाल तर आठवा: आधी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, समोरचं काही दिसेनासं होतं, मग बोट जरा सपाट होऊन पाण्यावरून घसरायला लागते. हेच प्लॅनिंग. उभी बोट तरंगते, पळत्या बोटीला पाणी खालून ढकलून उचलून धरतं. खरी बोट किती जोराने ओढावी लागेल ते आधी लहान मॉडेल पाण्यात ओढून बघतात; पण ते करताना आपण उभ्या बोटीचाच विचार करत बसतो आणि तिथेच फसतो.

आमची चाचणी मुलुंडच्या एका सोसायटीच्या पूलमध्ये, पोहणारे यायच्या आत. खरी बोट 10 मीटर, 5 टन, 30 नॉट. मॉडेल दहापट लहान. वेगही दहापट कमी करणारे मी पाहिलेत. मॉडेलच्या लाटा खऱ्या बोटीसारख्याच उठाव्यात यासाठीच्या फ्रूडच्या नियमाने वेगाला 10 च्या वर्गमुळाने भागायचं: साडेनऊ नॉट, म्हणजे सेकंदाला 4.9 मीटर. 25 मीटरचा पूल पाच सेकंदांत संपतो. वेग घेणं आणि थांबणं वजा केलं की हाती दोनेक सेकंद, म्हणून स्टॉपवॉच सोडा, बाजूने स्लो मोशन व्हिडिओ घ्या. वजन मात्र हजारपट कमी: 5 किलो. पहिल्या मॉडेलला मी रेझिन सढळ हाताने लावलं आणि 300 ग्रॅम जास्त झाले. खऱ्या बोटीत ते 300 किलो, चार माणसं फुकट बसवल्यासारखे!

दोरी नाळेच्या टोकाला बांधू नका. दोरी कुठून ओढते त्यावर नाळ दबते किंवा उचलते, आणि प्लॅनिंग बोटीत एका अंशाच्या फरकानेही ओढ, म्हणजे पाण्याचा विरोध, बदलते. प्रोपेलरचा जोर ज्या रेषेत लागणार त्याच रेषेत ओढा. मॉडेलला वर-खाली आणि पुढे-मागे झुकायला मोकळीक हवी. कोन मोजायला पूलच्या टाइल्सची आडवी रेघ फार कामाची.

सगळ्यात छळलं ते कडांनी. पॉलिश पेपर मारून मॉडेल गुळगुळीत केलं, सगळे खूश. पाण्यात ओढलं तर तळाचं पाणी चाईनवरून (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवरून) सुटून बाहेर उडायच्या ऐवजी गोल कडेला चिकटून बाजूने वर चढत होतं. भिजलेलं क्षेत्र वाढलं, ओढही वाढली. शेवटी जुन्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या कापून चाईनला आणि ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या सपाट भिंतीच्या, कडेला चिकटवल्या. पुढच्याच फेरीत फवारा स्वच्छ सुटला.

मॉडेलच्या तळाशी प्रवाह खऱ्या बोटीसारखा खवळता ठेवायला वाळूची पट्टी लावतात. ती सवयीने नाळेवर लावली तर पळताना हवेतच राहते. व्हिडिओत पाणी तळाला कुठे टेकतं ते बघा आणि त्याच्या जरा मागे लावा.

ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगकाट्यावरचा आकडा सरळ हजाराने गुणू नका. घर्षणाचा भाग लहान मॉडेलवर तुलनेने जास्त असतो. तो वेगळा काढून खऱ्या बोटीसाठी नव्याने मोजावा लागतो, तेही पळतानाच्या भिजलेल्या क्षेत्रावरून.

मॉडेल बेडकासारखं उड्या मारू लागलं तर आधी वजन थोडं पुढे सरकवा, एकेक सेंटिमीटरने. तळाला दोष नंतर. आणि पूलची उथळ बाजू टाळा: 1.2 मीटर खोलीत लाट सेकंदाला साधारण 3.4 मीटरहून जास्त वेगाने पळू शकत नाही, तो वेग ओलांडताना आकडे भलतेच येतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी शांत होईपर्यंत थांबा, वॉचमन कितीही घाई करो.