सशाला दुखत असेल तर आधी लेंड्या पाहा

ससा दुखणं लपवतो. कोपऱ्यात अंग आखडून बसलेला तुमच्या लक्षात येईतो बहुतेक वेळा अर्धा दिवस गेलेला असतो. म्हणून रोज सकाळी त्याच्या तोंडाआधी लेंड्यांचा ट्रे पाहायचा. धडधाकट ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या असतात. चुरल्या तर आत गवताचा भुसा निघतो. लेंड्या बारीक झाल्या, केसांत ओवल्यासारख्या माळेने पडू लागल्या, तर पोट मंदावतंय. द्राक्षांच्या घोसासारखी मऊ, चकचकीत लेंडी मात्र जुलाब नव्हे. ती तो स्वतःच परत खातो, खाऊ द्या.

पोट मंदावलं आणि ससा अजून थोडंफार खातोय, तर घरी करण्यासारखं आहे. पेलेट (दुकानातला दाणेदार खुराक) आणि फळं बंद. ताजी हरळी, ओली कोथिंबीर आणि भरपूर सुकं गवत पुढे ठेवा. पाणी बाटलीऐवजी वाटीत द्या, ससे तसं जास्त पितात. पिंजऱ्याबाहेर सोडा, हिंडला की आतडंही हलतं. कान गार लागले तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

खाणं पूर्ण बंद असेल तर पहिला फोन डॉक्टरांना. त्यांनी भरवायला सांगितलं तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करा. सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घाला आणि एका वेळी १ मिली सोडा; चावून गिळला की पुढचा. मान वर करून ओतलंत तर पेज फुप्फुसात जाते. पोट चेंडूसारखं टणक लागत असेल तर काहीही भरवू नका: आत अडकलं असेल तर ससा उलटी करू शकत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. १० ते १२ तास ना खाणं ना लेंडी, किंवा दात करकर वाजवतोय, तर रात्र असली तरी निघायचं. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरांना सशाचा सराव असतोच असं नाही. कोणाला आहे हे आजच विचारून ठेवा.

पार्श्वभाग बरबटला तर आंघोळ घालू नका. भिजलेला ससा गारठतो, बिथरून पाठीचं हाड मोडून घेऊ शकतो. चिकटलेल्या गोळ्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरा, दोन मिनिटं थांबा, बोटांनी चुरा करा आणि बारीक कंगव्याने केसांच्या टोकाकडून मुळाकडे सरकत काढा. वाळून दगड झाला असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्यात धरून सोडवा आणि पूर्ण कोरडा करा. ओढायचं नाही, कात्रीही नको: कातडी कागदासारखी पातळ असते. मूळ कारण बहुधा पेलेट जास्त, गवत कमी. सशाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ग्रॅम पेलेट पुरे.

पावसाळ्यात ही जागा दिवसातून दोनदा तपासा. माशीच्या अंड्यांतून २४ तासांच्या आत अळ्या निघतात आणि त्या जिवंत मांस खातात. अळी दिसली की चिमट्याने दिसतील तेवढ्या काढत थेट दवाखाना. केस भिजवू नका, ओल्या केसांतून अळ्या शोधणं आणि केस कापणं अवघड होतं.

एप्रिल-मेमध्ये नुसता पंखा फारसा उपयोगाचा नाही, कारण सशाला घाम येत नाही. तो उष्णता कानांतून सोडतो. नळाच्या साध्या पाण्याने कान ओले करा, बसायला फरशीचा तुकडा द्या, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. तोंड उघडून धापा टाकत असेल तर कान ओले करत करतच दवाखान्यात न्या.

तळव्यांचे केस झडून लाल झाले तर जाळीचा तळ काढून जाड गवत किंवा चटई अंथरा. जखम फुटली तर घरचे उपाय थांबवा. कानात तपकिरी खपल्या दिसल्या तर ते किडे आहेत. खरवडू नका, खाली कच्चं मांस असतं. डॉक्टरांनी वजनावर दिलेल्या औषधाने खपल्या आपोआप गळतात. नखातून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा.

कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं (पिसवा-गोचिडांवरचं) औषध सशाला कधीही नको, त्याने ससे मेलेले आहेत. आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने देऊ नका: आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी वाढतात, आणि दोन दिवसांपूर्वी नुसता शिंकणारा ससा जुलाबाने जातो.